डायलिसिसच्या रिसर्चसाठी अण्णांना आणि मला 'सल्लागार' म्हणून बोलावलंय. जावं का? आणि गेलो तर काय मागावं?

गंगावेशकर

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, पण वाचा आणि अनुभव असेल तर नक्की सांगा.

आमचे अण्णा (माझे वडील) डायलिसिसवर आहेत, काही वर्षं झाली. आठवड्यातून दोनदा, एका वेळी चार तास मशीनवर. फुले योजनेत होतंय म्हणून पैशाचा भार तेवढा नाही, बाकी सगळं आहेच. मागे आम्ही जातो त्या सेंटरला रिसर्चवाली दोन पोरं फॉर्म घेऊन आली. अण्णा मशीनवर, डाव्या हातात दोन सुया, तो हात हलवायचा नाही, चष्मा माझ्या पिशवीत आणि मी खाली औषधं आणायला गेलेलो. पोरांनी डब्याच्या झाकणावर कागद ठेवला आणि आजोबा इथं सही करा म्हणाले. कागद घसरतोय, धरायला दुसरा हात नाही, तशीच वाकडीतिकडी सही केली. मी वर आलो तोवर प्रश्न सुरू झालेले. पोरं वाईट नव्हती, नम्र होती, त्यांनाही दिवसात इतके फॉर्म भरायचे असं वरून सांगितलेलं असणार. पण घरी आल्यावर अण्णांना विचारलं कशावर सही केली, तर म्हणाले योजनेचं कायतरी असंल.

प्रश्न काय होते तर पाणी किती पिता, मीठ पाळता का, गोळी चुकते का, जिना चढता येतो का. आमच्या घराला जिनाच नाही. ज्याचा अण्णांना खरा त्रास आहे ते कुणी विचारलंच नाही. मशीनवरून उतरल्यावर तो अख्खा दिवस गेलेला असतो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माणूस धड बोलत नाही. चैत्र यात्रेला जोतिबाला जायचं असतं आणि नेमका डायलिसिसचा वार आडवा आला तर तो एक दिवस पुढं ढकलला तर किती धोका, हे ते दरवर्षी विचारतात. आणि दूध. आयुष्यभर कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं ताजं दूध प्यालेला माणूस, आता फॉस्फरस वाढतो म्हणून बंद. महिन्यातून एकदा अर्धा ग्लास प्यायलो तर काय होईल असं त्यांनी सगळ्या डॉक्टरांना विचारून झालंय, प्रत्येकजण नको म्हणतो, पण नेमकं काय होईल हे कुणी सांगत नाही.

आता दुसऱ्या एका ठिकाणाहून फोन आला. म्हणाले आम्ही डायलिसिसच्या पेशंटवर नवीन अभ्यास आखतोय, तुम्ही आणि वडील दोघंही आमच्या सल्लागार गटात या, अभ्यास कसा करायचा ते तुम्हीच सांगा. फोनवर बोलणाऱ्या मॅडम मनापासून बोलत होत्या. अण्णा एका पायावर तयार आहेत. मला एवढंच वाटतं की फॉर्म छापून झाल्यावर आम्हाला बोलवून मान डोलवायला लावणार असतील तर अण्णांचा एक चांगला दिवस त्यात घालवायचा नाही. चांगले दिवस आठवड्यात मोजकेच असतात. प्रश्न ठरायच्या आधी विचारणार असतील तर मी दुकान बंद ठेवून जाईन.

कुणी अशा गटात बसलंय का?

पीएसएमवाला

दादा, मी मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिनला शिकवतो (तुम्हाला फोन आला ते कॉलेज आमचं नव्हे, आधीच सांगतो). सगळ्यात आधी त्या सहीबद्दल. ती संमती नव्हेच. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात स्पष्ट आहे की माहितीपत्रक समजेल अशा भाषेत द्यायचं, विचार करायला वेळ द्यायचा, एक प्रत पेशंटकडे राहिली पाहिजे, त्यावर एथिक्स कमिटीचा (अभ्यासात पेशंटचं हित जपलं जातंय का ते तपासणारी समिती) संपर्क पाहिजे आणि नको वाटलं तर कधीही बाहेर पडता येतं, उपचार त्यामुळे थांबत नाहीत. मशीनवर सुया टोचलेल्या माणसाला नाही म्हणायला जागाच कुठे असते? पुढच्या वेळी कुणी आलं तर कागद घरी नेतो, वाचून सांगतो म्हणा. तो तुमचा हक्कच आहे.

आता जिन्याचं. डायलिसिसच्या पेशंटचं रोजचं जगणं मोजायला एक केडीक्यूओएल नावाची प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्या मूळ इंग्रजी कागदात मध्यम कामाची उदाहरणं काय आहेत तर टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, बोलिंग आणि गोल्फ. आपल्याकडे वापरताना ती बदलायची असतात, पण बदलणार कोण? खोलीत बसून आम्हीच बदलतो. तिथे करवीर तालुक्यातला एक पेशंट बसला असता तर त्याने दोन मिनिटांत सांगितलं असतं की वैरणीचा भारा आणता येतो का विचारा, धार काढायला बसता येतं का विचारा.

आणि तुमचे अण्णा जे म्हणतायत ते जगभरच्या पेशंटनी सांगितलंय. साँग नावाचा एक आंतरराष्ट्रीय उपक्रम आहे, त्यांनी हिमोडायलिसिसच्या (म्हणजे मशीनवरच्या डायलिसिसच्या) अभ्यासात काय मोजलंच पाहिजे हे पेशंट, घरचे आणि डॉक्टर सगळ्यांना विचारून ठरवलं. डॉक्टरांचा भर मृत्यू आणि हॉस्पिटलमध्ये भरती यावर जास्त. पेशंट आणि घरचे काय म्हणाले, थकवा, प्रवास करता येणं, मशीनशिवायचा मोकळा वेळ. शेवटी जी चार गोष्टींची यादी झाली त्यात मृत्यू, हृदयविकार, फिस्टुलासारखा (सुया टोचायला हातात करून घेतलेला) रक्तवाहिनीचा मार्ग आणि चौथा थकवा. पेशंटना विचारलं नसतं तर थकवा त्यात आला नसता असं माझं ठाम मत आहे. मशीनवरून उतरल्यावर पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो, असा एका ओळीचा प्रश्नसुद्धा तयार आहे, त्यावर अभ्यास झालेत. तो तुमच्या मॅडमना वापरा म्हणून सांगा.

नक्की जा.

शिरोळचा_शेतकरी

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. हे सल्लागार बिल्लागार म्हणजे नावाला पेशंट बसवायचा आणि फोटो काढायचा असं होऊ नये. २००९-१० ला आंध्रात आणि गुजरातेत पोरींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस दिली अभ्यास म्हणून, आठवतंय का कुणाला? आश्रमशाळेतल्या पोरींच्या संमतीवर वॉर्डननं आणि हेडमास्तरनं सह्या केल्या होत्या. काही पोरी गेल्या, चौकशीत लसीचा संबंध नाही निघाला, ते मी मान्य करतो, लस चांगली आहे हेही मान्य. पण आईबापाला न विचारता केलं त्यामुळं लोकांचा विश्वास गेला तो गेलाच, संसदेच्या समितीनं २०१३ ला ताशेरे ओढले. लसीत दोष नव्हता, विचारण्यात होता.

दुसरं म्हणजे आमच्या भागातला प्रश्न. आमच्याकडं प्रत्येक गावात लोक कॅन्सरबद्दल बोलतात, कुणी औषध फवारणीला दोष देतं, कुणी नदीच्या पाण्याला, कुणी तंबाखूला. खरं काय ते अभ्यास करून कळंल की. पण तो अभ्यास करताना आम्ही कुठल्या पिकावर काय फवारतो, कुठल्या महिन्यात, तोंडाला फडकं बांधतो का नाही, डबे कुठं धुतो, हे ठाऊक असणारी माणसं आमच्यातलीच पायजेत. बाहेरून आलेला माणूस विचारतो, तुम्ही कीटकनाशक वापरता का, हो किंवा नाही. ह्या हो नाही वरनं काय कळणार?

वेस्ट_यॉर्कशायरची_सिस्टर

मी मूळची राजारामपुरीची, इकडे इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, रिसर्च नर्स आहे. इथली पद्धत सांगते कारण शेतकरी दादांची भीती इथेही लोकांना होती आणि अजूनही पुरती गेलेली नाही.

इथे १९९६ पासून सरकारी पातळीवर हे काम चालू आहे, इन्व्हॉल्व नावाची संस्था त्यासाठीच होती. आता सरकारी पैसा मागायचा तर अर्जातच लिहावं लागतं की पेशंट आणि घरच्यांना कुठल्या टप्प्यावर विचारलं, त्यांनी काय सुचवलं आणि त्यामुळे आराखड्यात काय बदललं. अर्ज तपासणाऱ्यांमध्येही पेशंट असतात. बैठकीला येणाऱ्याला प्रवासखर्च मिळतो, त्याच्या वेळेचे पैसे मिळतात, घरी पेशंटजवळ दुसरं माणूस ठेवावं लागलं तर त्याचाही खर्च धरतात. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, गंगावेशकर. तुम्ही मीटिंगला गेलात आणि अण्णा घरी राहिले तर त्यांच्याजवळ कोण?

अजून एक, जेम्स लिंड अलायन्स म्हणून आहे, २००४ पासून. ते एकेक आजार घेतात आणि त्या आजाराच्या पेशंटना, घरच्यांना आणि उपचार करणाऱ्यांना विचारतात की तुम्हाला कुठल्या प्रश्नाचं उत्तर हवंय. शेकडो प्रश्न येतात. त्यातले ज्यांची उत्तरं आधीच शोधलेली आहेत ते बाजूला काढतात, उरलेल्यांतून सगळे एका खोलीत बसून दहा निवडतात. औषध कंपन्यांना त्या निवडीत बसू देत नाहीत. हे का लागलं? २००० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात गुडघ्याच्या झिजेवर एक लेख आला होता. संशोधन बघितलं तर बहुतेक सगळं औषधांवर, आणि पेशंटना विचारलं तर त्यांना व्यायाम, ऑपरेशन आणि दुखणं घेऊन कसं जगायचं याची माहिती हवी होती. म्हणजे इतकी वर्षं, इतका पैसा आणि दिशाच वेगळी.

इथलं एक वाईटही सांगते. येणारी माणसं बऱ्याचदा तीच ती, निवृत्त, शिकलेली, वेळ असलेली. आपल्या समाजातल्या बायका, रात्रपाळी करणारे, इंग्रजी न येणारे येतच नाहीत, कारण मीटिंग असते सकाळी अकराला ऑफिसात आणि आधी वाचायला चाळीस पानं. मी गुरुद्वाऱ्यात आणि देवळात जाऊन बसायला लागले तेव्हा बायका बोलायला लागल्या. कोल्हापुरात करायचं तर तालमीत करा, दूध संकलन केंद्रावर करा, बचत गटाच्या बैठकीला जोडून करा.

कागलची_आशा

ताई दूध संकलन केंद्राचं एकदम बरोबर. आमच्या गावात सकाळी सहाला आख्खं गाव तिथं असतंय.

मी आशा आहे. सर्वे म्हणजे आमचं रोजचंच. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा सी-बॅक फॉर्म (आजाराचा धोका किती ते बघायचा), कुष्ठरोग टीबी शोधमोहीम, करोनात माझे कुटुंब माझी जबाबदारी, आणि मधनं कुठल्यातरी कॉलेजचे विद्यार्थी येत्यात मग त्यांना घरं दाखवायला पण आमीच. लोकं मला दारात बघितलं की आधी विचारतात मागच्या खेपेला रक्त नेलं त्याचं काय झालं. मी काय सांगू, मलाच कोणी सांगत नाही. एका म्हातारीनं तर मला हात धरून बसवलं आणि म्हणाली तू विचारतीस म्हणून सांगते हं, त्यांना नव्हे. म्हणजे विश्वास माझ्यावर आणि कागद त्यांचा. उद्या काय वाईट झालं तर गावात तोंड मलाच दाखवायचंय. तवा अभ्यास आखताना आम्हाला पण बसवा, कुठल्या घरात कधी जायचं, कुठला प्रश्न सासूसमोर विचारायचा नाही, हे आम्हाला माहीत असतं.

आणि झालेल्या अभ्यासाचं काय निघालं ते गावात येऊन सांगा. ग्रामसभेत सांगा, पंधरा मिनिटं लागत्यात.

गडहिंग्लजचे_मास्तर

आशाताई, तुम्ही बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेटी देता ना, त्याचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे सर्च ही संस्था सुरू केली. गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेतली तर बालमृत्यू किती कमी होतात हा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेटला आला. पुढे तीच पद्धत देशभर आशांच्या कामात आली. गावातली बाई त्या संशोधनात केवळ माहिती देणारी नव्हती, काम करणारीच ती होती.

त्याच्याही आधी १९८९ मध्ये राणीताईंचा स्त्रीरोगांवरचा अभ्यास आला. दोन गावांतल्या बायका तपासल्या तर ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन एवढंच धरत होते, अंगावरून जाणं, पाळीचा त्रास हे संशोधनाचे विषयच नव्हते. आणि त्यांचं हॉस्पिटलही बघा, आदिवासींना मोठ्या इमारतीची भीती वाटते हे कळल्यावर गावासारख्या झोपड्या बांधल्या, दंतेश्वरी देवीचं मंदिर उभं केलं. तेव्हा हे सगळं परदेशी आहे असं समजायचं कारण नाही, आपल्या महाराष्ट्रात चाळीस वर्षांपासून चाललंय. आपण कोल्हापूरकर त्यात कमी पडतोय एवढंच.

माग_आणि_मी

इचलकरंजी. टीबी होऊन बरा झालोय, आता टीबी चॅम्पियन म्हणून काम करतो, म्हणजे नवीन पेशंटकडं जाऊन बसायचं, गोळ्या सोडू नको म्हणून सांगायचं.

माझा मुद्दा खाण्याचा. बारा तास मागावर उभं राहायचं, पोटात चहा आणि बटर, त्यावर टीबीच्या गोळ्या. मळमळ होणारच. आम्ही सगळे पेशंट हेच बोलत होतो की गोळ्या फुकट आहेत पण जेवणाचं काय. लोक ते ऐकून घ्यायचे आणि गोळ्या वेळेवर घ्या म्हणायचे. मग झारखंडमध्ये रेशन्स नावाचा अभ्यास झाला, टीबी पेशंटच्या घरातल्या सगळ्यांना तांदूळ डाळ वगैरे दिलं आणि बघितलं घरातल्या इतरांना टीबी होतो का. २०२३ ला निकाल आला. ज्या घरात सगळ्यांना धान्य दिलं तिथं नवीन टीबी ३९ टक्के कमी, आणि थुंकी वगैरे तपासून पक्का केलेला टीबी जवळजवळ निम्म्यावर. मी तो निकाल आमच्या गटात वाचून दाखवला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, हे आम्हाला विचारलं असतं तर आम्ही कधीच सांगितलं असतं. सरकार आता पेशंटला महिन्याला १००० देतंय, आधी ५०० होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून वाढलं. पण ते पेशंटपुरतं, घरातल्यांच्या ताटाचं काय.

गंगावेशकर, मजुरीचं आधी बोला. मागवाल्याचा एक पाळीचा खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. चहा बिस्किटावर माणूस बोलवून दिवसभर बसवणार असतील तर गरीब पेशंट येणार नाही, आणि गरीब आला नाही तर गरिबाचा प्रश्न त्या खोलीत येणारच नाही.

संधिवात_२२_वर्षं

सिस्टरताईंनी लिहिलंय तसं संधिवातातही झालंय. मला आर. ए. (रुमेटॉइड आर्थ्रायटिस, संधिवाताचा एक प्रकार) आहे. सूज किती, रक्तात काय, बोटं किती वाकतात हे सगळे मोजतात. २००२ मध्ये संधिवाताच्या संशोधकांच्या ओमेरॅक्ट या परिषदेत पहिल्यांदा पेशंटना बरोबरीने बसवलं, आणि पेशंट म्हणाले थकव्याचं काय? तोवर तो मोजण्याच्या यादीतच नव्हता. नंतर तो आला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आलं, कारण इतकी वर्षं मला वाटायचं मीच आळशी आहे.

शाहूपुरीतली_आई

एक नाजूक गोष्ट आहे, ती कुणीच काढली नाही म्हणून लिहिते. माझा मुलगा सेरेब्रल पाल्सीचा आहे, आता सतरा वर्षांचा. त्याला बोलायला वेळ लागतो, पण समजतं सगळं. कुठेही गेलं की सगळे मला विचारतात, आणि मीही उत्तर देऊन मोकळी होते. एकदा त्याच्या थेरपीबद्दल एका अभ्यासात विचारलं, तुमच्या मुलासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय. मी म्हणाले चालणं. तो शेजारी बसलेला, त्याने बोर्डवर बोट ठेवून एकेक अक्षर दाखवत सांगितलं, मित्र. त्या ताई थांबल्या, त्यांनी दोन्ही लिहून घेतलं, वेगवेगळ्या रकान्यात. मला ते फार बरं वाटलं.

सांभाळणाऱ्याचं आणि पेशंटचं म्हणणं एक नसतं. दोन्ही खरं असतं. माझी पाठ गेलीय त्याला उचलून, माझी झोप, माझी सुटलेली नोकरी, हा पण संशोधनाचा विषय आहे, पण तो माझा म्हणून विचारा, त्याचा म्हणून नको. गंगावेशकर दादा, तुम्हाला अण्णांचे रिपोर्ट चांगले यायला हवेत आणि अण्णांना जोतिबाला जायचंय. तुम्ही दोघं एकाच खोलीत बसलात तर अण्णा तुमच्यासमोर सगळं बोलतील का? आयोजकांना सांगा की थोडा वेळ दोघांशी वेगवेगळं बोला.

पीएसएमवाला

शाहूपुरीच्या ताई, हे माझ्या विद्यार्थ्यांना उद्याच वाचून दाखवणार आहे.

आता आमच्या बाजूची अडचण लिहितो, सबब म्हणून नव्हे, तर बदलायचं कुठे ते कळावं म्हणून. पेशंटना आधी बोलवायचं म्हणजे पैसा आधी लागतो, आणि पैसा मिळतो प्रकल्प मंजूर झाल्यावर. तोवर आराखडा पक्का होऊन एथिक्स कमिटीतून गेलेला असतो. पीजीच्या (पदव्युत्तर शिकणाऱ्या) मुलांचं तर अजून अवघड, पहिल्या वर्षातच सिनॉप्सिस, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, द्यायचा असतो, त्या मुलाला अजून वॉर्डही नीट माहीत नसतो. दुसरं म्हणजे आमच्यातल्या काहींना वाटतं की पेशंटला सांख्यिकी काय कळणार. नाही कळणार, आणि त्याची गरज नाही. सँपल साइज, म्हणजे किती पेशंट घ्यायचे ते, आम्ही काढू. पण काय मोजायचं, कधी विचारायचं, कुणी विचारायचं आणि किती वेळा हॉस्पिटलला हेलपाटे घालायला लावायचे, हे ठरवताना पेशंट आमच्यापेक्षा जाणकार आहे.

एथिक्स कमिटीत एक सामान्य माणूस असलाच पाहिजे असं २०१९ च्या क्लिनिकल ट्रायलच्या नियमात आहे, निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे हवेत हेही आहे. पण ते तपासायला बसतात, आखायला नव्हे. आखण्याच्या टप्प्यावर पेशंट असलाच पाहिजे असं बंधन आपल्याकडे नाही, ते यावं असं मला मनापासून वाटतं.

याचा उपयोग होतो का, तर २०१८ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात बरेच अभ्यास एकत्र करून बघितलेलं होतं. पेशंटना सहभागी केलं तर अभ्यासात नाव नोंदवणारे थोडे वाढतात, आणि स्वतः तो आजार भोगलेली माणसं सहभागी असतील तर जास्त वाढतात. शेवटपर्यंत टिकतात का यावर पुरेसा पुरावा नव्हता. पण नुसत्या नोंदणीच्या आकड्यावर मी हे तोलणार नाही. प्रश्नच चुकीचा असेल तर नोंदणी भरपूर होऊन काय करायचं.

शेतकरी दादा, अभ्यास खरा आहे का, कोण करतंय, पैसा कुणाचा, हे बघायचं असेल तर सीटीआरआय ही सरकारी नोंदवही इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहे. २००९ पासून औषधांच्या ट्रायलची नोंद तिथे सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक मागा आणि मोबाइलवर टाकून बघा.

शिरोळचा_शेतकरी

बघितलं आत्ता. कोल्हापूर टाकून शोधलं तर बरेच आले की. इंग्रजीत आहे सगळं पण पोरीनं वाचून सांगितलं. पैसे कोण देतंय ते पण लिहिलंय. हे माहीतच नव्हतं, आभारी आहे डॉक्टर.

गंगावेशकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल त्या मॅडमना फोन केला, जवळजवळ अर्धा तास बोललो. काय झालं ते सांगतो.

पहिला प्रश्न विचारला की फॉर्म तयार आहे का. म्हणाल्या कच्चा आहे, अजून एथिक्स कमिटीकडे गेलेला नाही. मग म्हटलं तो आम्हाला मीटिंगच्या आधी पाठवा, मराठीत, मोठ्या अक्षरात. हो म्हणाल्या. उतरल्यावरच्या थकव्याचा एका ओळीचा प्रश्न सांगितला, त्यांना तो माहीत होता पण फॉर्म लांब होतो म्हणून काढला होता. मी म्हटलं जिन्याचा प्रश्न असेल तर तो काढा आणि हा घाला. त्या हसल्या आणि लिहून घेतलं.

प्रवासखर्च देणार आहेत. मजुरीचं म्हटलं तर जरा थांबल्या, प्रकल्पात तसं खातं नाही म्हणाल्या, प्रमुखांना विचारून सांगते म्हणाल्या. मी सांगितलं माझं दुकान आहे, मी एक दिवस सोसेन, पण मागावरचा किंवा शेतमजूर पेशंट बोलवायचा असेल तर हे आधी ठरवा. यावर मी अडून राहणार आहे. मीटिंग मंगळवारी दुपारी तीनला ठेवली होती. राधानगरी, भुदरगडकडनं येणारे पेशंट आहेत, मशीनवाला दिवस नसला तरी परत जायला एसटी मिळाली पाहिजे, म्हणून सकाळी दहाला करा म्हटलं, ते लगेच मान्य झालं.

वेगळं बोलायचं मी अण्णांसमोरच काढलं. शाहूपुरीच्या ताई, तुमचं म्हणणं खरं ठरलं. अण्णा पटकन म्हणाले, हां, ते बरं हुईल. मला थोडं लागलं, पण त्यांना काय बोलायचंय ते त्यांनी बोलावं.

निकाल पेशंटना परत कसा सांगणार हेही विचारलं. पेपर छापून आल्यावर लिंक पाठवू म्हणाल्या. मी म्हटलं लिंक नको, सेंटरला येऊन मराठीत सांगा, डायलिसिस चालू असताना चार तास सगळे तिथंच असतात आणि तेव्हा त्यांना सही करायची नसते, फक्त ऐकायचं असतं. विचार करतो म्हणाल्या.

मी एक वही केलीय. डायलिसिसवाल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी आपला एकेक प्रश्न इथे लिहा, कसाही लिहा, मी जसाच्या तसा नेणार.

राधानगरी_रोड

माझ्या मिस्टरांचं डायलिसिस आहे. लिहा: परत येताना एसटीत बीपी पडलं तर मी काय करू? उभ्यानं यावं लागतं कधीकधी. सेंटरला विचारलं तर आडवं करा म्हणतात, एसटीत कुठं आडवं करू.

फुलेवाडीचा_पोरगा

आईच्या फिस्टुलाच्या हातानं ती भाकरी थापते. जड उचलायचं नाही हे माहीत आहे, पण भाकरी थापणं चालतं का, पीठ मळणं चालतं का, बादली किती लिटरपर्यंत? कुणी मोजलंय का? ती काम सोडायला तयार नाही आणि मला रोज भीती वाटते.

कागलची_आशा

माझ्या गावातल्या तिघांकडून विचारून आले. दोघं म्हणाले रात्री पायात गोळे येतात त्यावर काहीतरी शोधा. तिसरे म्हणाले तहान. पाणी मोजून प्यायचं ठीक आहे पण तहान लागू नये म्हणून काय करायचं ते कोणीच सांगत नाही.

पीएसएमवाला

हे सगळे प्रश्न मोजता येण्यासारखे आहेत, विशेषतः फिस्टुलाच्या हाताने कुठलं घरकाम कितपत चालतं हा. व्यायामावर अभ्यास आहेत, चेंडू दाबण्यावर आहेत, पण भाकरी थापणाऱ्या हातावरचा अभ्यास माझ्या पाहण्यात नाही. फुलेवाडीच्या भावा, आईची हरकत नसेल तर मला निरोप टाक. पुढच्या महिन्यात माझ्याकडे एक पीजी विद्यार्थिनी विषय शोधत येणार आहे, तिने सिनॉप्सिस लिहायच्या आधी तुझ्या आईशी आणि अजून चार बायकांशी बोलावं असं मला वाटतं.

फुलेवाडीचा_पोरगा

विचारलं. आई म्हणते या, पण सकाळी नऊच्या आत, नंतर ती कामावर जाते. आणि येणाऱ्या डॉक्टरणीला भाकरी येते का ते विचारून ठेवायला सांगितलंय.